साचा जिथे थांबतो

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२३ मीटर भरतात. १/७२ या जुन्या, रुळलेल्या प्रमाणात त्याचं मॉडेल केलं तर तेच पंख १५.६ सेंटिमीटरचे होतात. १/४८मध्ये २३.४, १/३२मध्ये ३५.१ आणि १/२४मध्ये ४६.८ सेंटिमीटर. ही प्रमाणं विचित्र वाटतात, कारण ती फूट-इंचांच्या हिशेबातून आली आहेत. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच, १/४८ म्हणजे चार फुटांना एक इंच, १/२४ म्हणजे दोन फुटांना एक इंच. १/३२मध्ये एका फुटाचे तीन अष्टमांश इंच होतात.

यातली शेवटची दोन प्रमाणं म्हणजे या छंदातली ‘मोठी’ मॉडेलं. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९७०मध्ये १/२४ प्रमाणातली स्पिटफायर बाजारात आणली. जपानच्या तामियाने २००९मध्ये १/३२ची स्पिटफायर मार्क ९ काढली, तेव्हा प्लॅस्टिकच्या किटमध्ये किती बारकावा बसू शकतो याचं मापच बदललं. इंजिनावरची झाकणं चुंबकाने चिकटत होती, सुकाणूचे भाग धातूच्या पिनांवर हलत होते आणि आत बारा सिलिंडरांचं अख्खं मर्लिन इंजिन होतं. एवढं असूनही त्या किटसाठी इतर कंपन्यांनी जादा सुटे भाग काढले आणि ते खपलेही. मॉडेलकार त्यांना ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. इतक्या चांगल्या किटमध्ये आणखी काय घालायचं उरलं, हा या प्रकरणाचा प्रश्न.

एक खुलासा आधीच करायला हवा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी बाल्सा लाकडाचं एरोमॉडेलिंग केलं, त्यांचं मॉडेल उडणारं असतं. वजन हा त्याचा शत्रू. इथे आपण बोलतोय ते कपाटात उभ्या राहणाऱ्या मॉडेलबद्दल. त्याची परीक्षा हवा घेत नाही, पाहणाऱ्याची नजर घेते.

एका मिलिमीटरचे बत्तीस

मोठं मॉडेल सोपं असणार, असं नवख्याला वाटतं. भाग हाताला येतात, चिमट्यातून उडून हरवत नाहीत. पण १/७२वरून १/३२वर गेलं की लांबी सव्वादोन पट होते आणि पृष्ठभाग पाचपट. म्हणजे चूक दिसायला पाचपट जागा मिळते. छोट्या मॉडेलमध्ये जी गोष्ट ठिपका म्हणून खपते, ती मोठ्यात वस्तू म्हणून पाहिली जाते. तिला कडा असतात, जाडी असते, आत पोकळी असते.

खरी अडचण जाडीची आहे. किटच्या धडाची भिंत साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते. तिला बत्तीसने गुणा: ४० मिलिमीटर. खऱ्या विमानाची कातडी म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो १/३२मध्ये दाखवायचा तर ०.०३ मिलिमीटरचा हवा, वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ. हिस्पानो तोफेची नळी आतून २० मिलिमीटर रुंद असते, तिचं तोंड मॉडेलमध्ये ०.६ मिलिमीटरचं व्हायला हवं. ७.७ मिलिमीटरच्या ब्राउनिंग मशीनगनचं तोंड पाव मिलिमीटरचंही भरत नाही. पारदर्शक झाकणाचा ॲक्रिलिक खऱ्या विमानात काही मिलिमीटरचा असतो. किटमध्ये तो एक मिलिमीटर जाड असेल, तर वैमानिकाच्या डोक्यावर सव्वा इंच जाडीची काच आली.

हे आकडे डोक्यात बसले की आफ्टरमार्केटचं दुकान आपोआप समजतं. तिथली जवळपास प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या जाडीवर नाहीतर साच्याच्या एखाद्या अटीवर शोधलेलं उत्तर आहे.

पोलादाची अट

किटचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. पॉलिस्टायरीन वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात भरतात, ते थंड झालं की साचा उघडतो आणि इजेक्टर पिना भाग बाहेर ढकलतात. भोसरी किंवा चाकणच्या टूलरूममध्ये ज्याने काम केलंय, त्याला यापुढचं सांगायला नको. भाग साच्यातून सुटायचा तर त्याच्या उभ्या भिंतींना थोडा उतार लागतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मोदकाच्या साच्यातल्या पाकळ्या बाहेरच्या बाजूला पसरट असतात म्हणून मोदक अख्खा निघतो. पाकळी आत वळलेली असती तर तो साच्यातच फाटला असता. पोलादी साच्यातही आत वळणारा आकार अडकतो.

म्हणून विमानाच्या भागांवर साच्याच्या खुणा राहतात. धडाचे दोन अर्धे जिथे भिडतात तिथे सांधा. आतल्या बाजूला पिनांचे गोल ठसे. जिथे प्लॅस्टिक जाड आहे तिथे थंड होताना आत ओढलेला खळगा. कॉकपिटच्या बाजूच्या भिंतीवरची खटक्यांची पेटी सुटी पेटी न राहता भिंतीतून फुगलेला उंचवटा होते. धुराड्याची नळी टोकाला बंद असते, कारण तिचं तोंड आणि साचा उघडण्याची दिशा वेगवेगळी. आजकाल साच्यात आडवे सरकणारे गाभे घालून अशी तोंडं पोकळ काढतात, पण प्रत्येक गाभ्यामागे साच्याची किंमत वाढते. कारखान्याला हजारो प्रती काढायच्या असतात, त्यामुळे कुठेतरी थांबावंच लागतं.

छोट्या कार्यशाळा तिथूनच पुढे सुरू होतात. त्यांना फार प्रती काढायच्या नसतात, त्यामुळे पोलादाचा साचा टाळून त्या दुसरं साहित्य वापरू शकतात. या धंद्याचं मोठं केंद्र चेक प्रदेशात आहे. एडुआर्ड ही कंपनी १९८९मध्ये, साम्यवादी राजवट कोसळली त्याच वर्षी सुरू झाली. खासगी उद्योगाला वाट मिळाल्यावर पुढच्या काळात तिथे एरीस, सीएमके, एचजीडब्ल्यू अशी नावं उभी राहिली. त्याआधी बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी रेझिनच्या भागांची गोडी जगभरच्या मॉडेलकारांना लावली होती. आज पोलंडची मास्टर ही कंपनी कातीव पितळी नळ्यांसाठी ओळखली जाते, तर अमेरिकेतल्या एका कंपनीने ओतीव धातूच्या चाकांच्या पायांवरच नाव कमावलंय.

पितळ, रेझिन, कापड

पातळपणाचं उत्तर पितळात आहे. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात, न लागणारा लेप धुऊन काढतात आणि उघडा पडलेला धातू आम्लधर्मी द्रावण खातं. मॉडेलकार त्याला फोटो-एच म्हणतात. पत्रा पूर्ण खाल्ला की भोक पडतं. एकाच बाजूने अर्धा खाल्ला की घडीची रेघ तयार होते. घडी घालताना ती रेघ नेहमी आतल्या बाजूला ठेवायची. पत्रा कडक वाटला तर तो मेणबत्तीपेक्षा तेज ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करायचा, म्हणजे नरम पडतो. इंजिनाच्या जाळ्या, रेडिएटरच्या जाळ्या, खटक्यांचे पंजे, बकलं या सगळ्यांना पितळेसारखं साहित्य नाही. मात्र पितळ सपाट असतं. गोल मूठ, जाड तरफ किंवा नळी फोटो-एचमध्ये काढली की ती पट्टीच दिसते. सेटमध्ये पन्नास भाग असतात म्हणून पन्नासही बसवण्याची सक्ती नाही. जिथे किटचा गोल भाग जास्त खरा दिसतो तिथे पितळ चौकटीतच राहू द्यावं.

आत वळणाऱ्या आकारांचं उत्तर रेझिन देतं. मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा बनवतात. रबर वाकतं, त्यामुळे अडकलेला आकारही त्यातून सुटतो. त्यात पॉलियुरेथेन ओततात आणि निर्वात किंवा दाबाच्या भांड्यात ठेवून बुडबुडे काढतात. खुर्चीच्या गादीवरच्या सुरकुत्या, टायरच्या बाजूवरची अक्षरं, इंजिनाच्या नळ्या यांत जी धार येते ती पोलादी साच्याच्या प्लॅस्टिकला सहसा जमत नाही. किंमत अशी, की रबराचा साचा काही डझन ओतकामांनंतर फाटतो आणि रेझिन थोडं आकसतं. शिवाय प्रत्येक भाग ओतकामाच्या ठोकळ्याला चिकटून येतो, तो करवतीने कापावा लागतो. ही भुकटी फुप्फुसांना वाईट. मास्क लावून, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासणं हाच शहाणपणा.

रेझिनच्या कॉकपिटची एक खास गोम आहे. तो बनवणारा खऱ्या विमानाच्या आतल्या रुंदीचा विचार करतो आणि बाजूच्या भिंतीही सोबत देतो. पण किटच्या धडाची भिंत ४० मिलिमीटरच्या हिशेबाची. दोन्ही बाजू मिळून जी जागा प्लॅस्टिकने आधीच खाल्ली, तिथेच रेझिनला बसायचं असतं. म्हणून धडाची आतली बाजू घासत घासत कागदासारखी करावी लागते, उजेडासमोर धरली की पलीकडचा प्रकाश दिसेपर्यंत. हे काम डब्यावर छापलेलं नसतं. रेझिनचा सेट विकत घेतला म्हणजे काही तास घासकाम विकत घेतलं, असं धरून चालावं.

गोल आणि पोकळ वस्तूंचं उत्तर लेथवर आहे. पितळेची नळी कातून तोफेचं तोंड आतून कोरता येतं, आणि अशी नळी वाकत नाही. पारदर्शक झाकणाचं उत्तर म्हणजे निर्वात साच्यावर ओढलेली पातळ फिल्म. पाव मिलिमीटरची फिल्म खऱ्या विमानातल्या आठ मिलिमीटरांच्या बरोबरीची होते. आसनाच्या पट्ट्यांचं उत्तर कापडासारख्या पातळ कागदात आहे. एचजीडब्ल्यूच्या पट्ट्या छापलेल्या, कापलेल्या येतात, बकलं धातूची असतात आणि ती पट्टीतून ओवावी लागतात. त्या चुरगाळून मग सरळ केल्या की खांद्यावरून सैल पडतात. पितळी पट्टी कितीही वाकवली तरी धातूच दिसते.

अलीकडे यात आणखी दोन साहित्यं आली. एक म्हणजे त्रिमितीय डेकल, म्हणजे चिकटवायचं छापील चित्र: अख्खा उपकरण-फलक छापलेला, खटके उंच आलेले आणि डायलवर चकचकीत काचेचा थेंब. दुसरं म्हणजे घरगुती रेझिन प्रिंटर. ०.०५ मिलिमीटरच्या थरांनी तो खुर्ची किंवा चाक छापतो. ज्या विमानासाठी कोणीच सुटा भाग काढला नाही, त्याचा भाग तो संगणकावर रेखाटून काढू देतो. त्यातलं न सुकलेलं द्रव त्वचेला लागू देऊ नये, हातमोजे लावावेत.

कोणती स्पिटफायर?

मॉडेलकाराला खरी मजा येते ती ‘स्पिटफायर’ या नावापासून पुढे जाऊन एका ठरावीक विमानापर्यंत पोहोचण्यात. भारतीय वाचकाला जवळचं उदाहरण घेऊ. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४४मध्ये स्पिटफायर मार्क ८ मिळाल्या आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्या जपानविरुद्ध लढल्या. तामियाने मार्क ९पाठोपाठ मार्क ८चंही १/३२ किट काढलं.

दोन्ही विमानं दिसायला भावंडं, पण जुळी नाहीत. मार्क ८चं शेपटाकडचं चाक आत ओढलं जातं. मार्क ९चं बहुतेक विमानांत बाहेरच राहतं. मार्क ८च्या पंखांच्या पुढच्या कडेत जादा इंधनटाक्या आहेत आणि तिच्या पंखांच्या टोकांकडचे आयलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचे हलणारे भाग, आखूड आहेत. नाकाखालची हवा घेणारी पेटी धुळीचा फिल्टर सामावणारी, लांब आकाराची. म्हणजे मार्क ९साठी काढलेला एखादा बाह्य भागांचा सेट डोळे झाकून मार्क ८ला लावता येत नाही. दुकानात नाव सारखं दिसलं म्हणून विकत घेण्याआधी क्रमांक आणि मालिका पाहायची, हा या छंदातला पहिला धडा.

मग येतात खुणा. युरोपात ब्रिटिश विमानांवरच्या गोलचिन्हात मध्ये लाल टिकली असायची. आग्नेय आशियात जपानी विमानांवर लाल गोळा असल्यामुळे दुरून घोटाळा होऊ नये म्हणून तिथल्या दोस्त विमानांवरून लाल रंगच काढून टाकला. गडद निळ्या वर्तुळात फिका निळा मध्य, असं चिन्ह आलं. शिवाय ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे रंगवले जात. किटबरोबर आलेल्या डेकलवर हे सगळं असेलच असं नाही. इथे मास्क कामाला येतात: पातळ चिकट पट्टीवर कापलेली वर्तुळं आणि अक्षरं. त्यांच्यावरून एअरब्रशने रंग मारला की चिन्ह विमानावर रंगवलेलंच दिसतं, कारण ते खरोखर रंगवलेलं असतं. डेकलची पारदर्शक कड उरत नाही. मोठ्या पृष्ठभागावर ही कड लगेच नजरेत भरते, म्हणून १/३२मध्ये मास्कला इतकी मागणी आहे.

कॉकपिटमध्ये पाहा. स्पिटफायरला सलग फरशी नाही. वैमानिकाचे पाय दोन पन्हळींत असतात आणि खाली धडाच्या आतल्या फासळ्या दिसतात. आसन बरेचदा लालसर तपकिरी रंगाच्या रेझिनयुक्त कागदी साहित्याचं असे, पाठीला काळं चामडं. डाव्या बाजूचं छोटं दार उघडं ठेवलं की हे सगळं उजेडात येतं. दार आणि झाकण दोन्ही बंद ठेवली, तर दिसतं फक्त आसन, पट्ट्या, नेम धरण्याचं उपकरण आणि फलकाचा वरचा अर्धा भाग. मग पायांच्या पेडलांवर केलेला खर्च कोणासाठी? इंजिनाबाबतही तोच हिशेब. झाकणं बंद ठेवायची असतील तर रेझिनचं इंजिन घेऊच नये. शिवाय रेझिनचं इंजिन किटमधल्या इंजिनापेक्षा किंचित मोठं असू शकतं आणि मग झाकणं नीट बसत नाहीत. उघडं ठेवणार की बंद, हे आधी ठरवा, खरेदी नंतर.

बुजवण्याचं काम

अमेरिकेच्या पी-५१ मस्टँगचं उदाहरण या प्रकरणात उलट्या बाजूने उपयोगी पडतं. तामियाने २०११मध्ये १/३२ची पी-५१डी काढली. तिच्या अंगभर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट सुबक कोरलेले आहेत. बाजारात त्यावर आणखी रिव्हेट उठवण्याची चाकं मिळतात. १/३२मध्ये एक इंचावर एक रिव्हेट म्हणजे दर ०.८ मिलिमीटरवर एक खूण. चाक फिरवलं की रांग तयार होते.

पण मस्टँगचा पंख वेगळ्या प्रकारचा होता. हवेचा प्रवाह पंखाच्या कातडीवरून जास्तीत जास्त दूरपर्यंत न डुचमळता जावा, म्हणून त्याचा छेद खास आखला होता. त्या प्रवाहाला रिव्हेटचं डोकंही खटकतं. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या मोठ्या भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून घासले जात आणि त्यावर रुपेरी रंग मारला जाई. नव्या मस्टँगचा पंख गुळगुळीत आणि रंगवलेला, धड मात्र उघड्या धातूचं. ज्याला हे माहीत आहे तो किटमधले पंखावरचे सुरेख रिव्हेट पातळ पुट्टीने भरून टाकतो आणि पंखाला साधा रुपेरी रंग देतो. चकचकीत धातूचा परिणाम देणारा महागडा रंग फक्त धडाला. इथे काढून टाकलेल्या बारकाव्यामुळे मॉडेल जास्त खरं झालं.

प्रत्येक विमानात अशी एखादी जागा असते जिथे किटने उत्साहाच्या भरात जास्त दिलेलं असतं. पंखाच्या मागच्या कडा, ज्या खऱ्या विमानात चाकूसारख्या असतात, किटमध्ये अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या असतात. त्या आतून घासून पातळ करायला एक पैसा लागत नाही, आणि कोणत्याही रेझिन सेटपेक्षा त्याने विमानाची रूपरेषा जास्त सुधारते.

नाशिकची मिग आणि दवाखान्यातली सुई

मिग-२१ महाराष्ट्राशी नातं सांगणारं विमान आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याखाली तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बनल्या, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला भारतीय हवाई दलाने तिला निरोप दिला. १/३२मध्ये चीनच्या ट्रंपेटरचं मिग-२१एमएफ किट आहे, ते भारतीय मॉडेलकाराला आधार म्हणून उपयोगी पडतं. पंखांचा पसारा २२.४ सेंटिमीटर, धड लांब आणि सडपातळ.

मिगच्या कॉकपिटची ओळख रंगाने होते: हिरवट निळा, डोळ्यांना गोड. त्यातली आणखी एक ठसठशीत खूण म्हणजे उपकरण-फलकावर मधोमध खाली उतरणारी पांढरी रेघ. विमान गिरक्या घेत पडू लागलं तर वैमानिकाने दांडा मधोमध, त्या रेघेच्या रोखाने न्यायचा असतो. गोंधळाच्या क्षणी मध्य कुठे, हे ती दाखवते. मॉडेलमध्ये ही रेघ नसेल तर महागडं रेझिन आसनही कॉकपिटला खरेपणा देत नाही, आणि ती रंगवायला मास्किंग टेपचे दोन तुकडे पुरतात.

मिगच्या नाकावर लांब पिटो नळी असते. हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेचा तो डोळा. किटमधली प्लॅस्टिकची नळी जाड असते आणि कपाट उघडताना बाही लागली की तुटते. पितळी नळी मागवता येते, पण परदेशातून एवढीशी वस्तू मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त भरू शकतं. पर्याय औषधाच्या दुकानात आहे. इंजेक्शनच्या सुया पोकळ, सरळ आणि कडक असतात, आणि त्यांची मापं ठरलेली. गुलाबी बुडाची १८ गेजची सुई आतून सुमारे ०.८४ मिलिमीटर, हिरव्या बुडाची २१ गेजची बाहेरून ०.८२. म्हणजे एक दुसरीत जवळजवळ घट्ट सरकते. हिरवीच्या आत तपकिरी बुडाची २६ गेजची जाते. तीन सुयांत टप्प्याटप्प्याने निमुळती नळी तयार होते आणि टोकाला आपोआप भोक असतं. सुया नवीन आणि न वापरलेल्या घ्याव्यात, टोकाची तिरपी धार रोटरी कटरने कापून घासावी आणि तेव्हा डोळ्यांवर चष्मा असावा.

याच वृत्तीने वायरमधली तांब्याची तार ब्रेकची नळी होते आणि शीतपेयाच्या डब्याचा पत्रा ०.१ मिलिमीटरचं झाकण होतो. आपल्याकडच्या मॉडेलकारांची ही कला पैशाच्या अडचणीतून आली असेल, पण निकालात ती कुठे कमी पडत नाही.

जोडकामाचा क्रम

आफ्टरमार्केटचे भाग किटच्या सूचनापत्रकात नसतात, म्हणून क्रम स्वतःला बांधावा लागतो. चिकटवण्याआधी कोरडं बसवून पाहणं हा त्यातला पहिला नियम. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडणारं पातळ सिमेंट खरं तर दोन्ही बाजू वितळवतं आणि त्या एकजीव होतात. रेझिनवर आणि धातूवर त्याचा परिणाम होत नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी. पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू वापरला तर त्याची वाफ काचेवर पांढरी झाक आणते. तिथे आपलं पांढरं फेव्हिकॉलच बरं. ते सुकल्यावर पारदर्शक होतं आणि सांडलं तर पाण्याने पुसता येतं.

रेझिन आणि पितळ दोन्ही रंगाआधी धुवावे लागतात, कारण रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठीचं तेल आणि पितळावर बोटांची चरबी असते. त्यावर प्रायमर नसेल तर मास्किंग टेप काढताना रंगही सोबत येतो.

वजनाकडेही लक्ष द्यावं. १/३२च्या मॉडेलमध्ये रेझिनचं कॉकपिट, इंजिन आणि चाकं घातली की प्लॅस्टिकचे पाय काही महिन्यांत हळूहळू फाकतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात, म्हणजे मिगमध्येही, शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिशाच्या गोळ्या भराव्या लागतात. तिथे धातूचे पाय घेण्याला खरं कारण आहे. ओतीव पांढरा धातू नरम असतो, तो वाकतो. पितळी गाभा असलेले पाय त्याहून भरवशाचे.

खर्च कुठे करावा

किटच्या किमतीइतकेच, कधी त्याहून जास्त पैसे सुट्या भागांवर जाऊ शकतात. म्हणून अग्रक्रम लावून घ्यावा. सर्वांत आधी झाकणाच्या चौकटीचे कापलेले मास्क, कारण वाकडी चौकट पाहणाऱ्याला पहिल्यांदा दिसते. नंतर आसनाच्या पट्ट्या. मग तोफांच्या नळ्या आणि पिटो. त्यानंतर चाकं: विमान ज्यावर उभं आहे ती वस्तू जवळून पाहिली जाते. टायरला वजनाने आलेला फुगवटा हलकाच असावा, पंक्चर वाटू नये. जुन्या किटमधले मऊ टायर कधी कधी चाकाच्या प्लॅस्टिकला खातात, तेव्हा रेझिनची चाकं घेणं चैन राहत नाही, गरज होते. उपकरण-फलकाचं त्रिमितीय डेकल पाचवं. अख्खं रेझिन कॉकपिट आणि इंजिन सर्वांत शेवटी, आणि तेही उघडं ठेवणार असाल तरच.

न्यूझीलंडच्या विंगनट विंग्ज या कंपनीने २००९ ते २०२० या काळात पहिल्या महायुद्धाची १/३२ विमानं काढली. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या पाठबळावर ती उभी होती. त्या किटमधली सूचनापत्रकं मूळ विमानांच्या छायाचित्रांनी भरलेली असत. त्यांच्या मॉडेलांना आफ्टरमार्केटची गरज कमी पडली, याचं मोठं श्रेय या पत्रकांना आहे. कोणत्या विमानात काय होतं आणि काय नव्हतं, हे बनवणाऱ्याला आधीच कळत होतं.

यासाठी संदर्भ गोळा करणं हे सुटे भाग घेण्याच्या आधीचं काम आहे. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जुनी लढाऊ विमानं आहेत, गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियरसारखी नौदलाची विमानं जवळून पाहता येतात. छायाचित्रं काढताना चाकांची विहीर, पायांवरच्या नळ्या, झाकणाच्या चौकटीची जाडी यांवर भर द्यावा. रंगावर मात्र विश्वास ठेवू नये, कारण संग्रहालयातली विमानं अनेकदा पुन्हा रंगवलेली असतात आणि त्यांना दुसऱ्या विमानाची चाकंही बसवलेली असू शकतात. रंगासाठी त्या काळातली छायाचित्रं पाहावीत. एक चांगलं संदर्भपुस्तक रेझिनच्या एका सेटच्या किमतीत येतं, आणि दहा सेट न घेण्याचा सल्ला देतं.